डॉसन नगरातील मूकपटांचे अवशेष

मूकपटांच्या इतिहासकारास बहुधा मूळ कृतीवाचूनच लिहावे लागते. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत सुमारे अकरा हजार दीर्घ मूकपट निघाले. त्यांपैकी केवळ चौदा टक्के मूळ स्वरूपात पूर्णपणे उपलब्ध असल्याचे तेथील काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दाखविले आहे. जे उरले ते कशामुळे उरले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. कॅनडातील यूकॉन प्रदेशाचे डॉसन नगर या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१८९६ मध्ये क्लोंडाइक नदीच्या परिसरात सोने सापडले आणि दोनच वर्षांत त्या हिमाच्छादित सीमाप्रदेशात हजारो लोक लोटले. पुढे या धावपळीवर अनेक चित्रपट रचले गेले. परंतु त्यांतील हिम बहुधा अन्यत्रचे होते. चॅप्लिनच्या १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मधील खिंड चढणाऱ्या सुवर्णशोधकांचे दृश्य कॅलिफोर्नियातील ट्रकीनजीक चित्रित झाले. खुद्द डॉसनमध्ये मात्र दूरच्या शहरांत घडलेली नाट्ये पडद्यावर दिसत.

चित्रपट-वितरणाच्या मार्गावरील हे शेवटचे ठाणे होते. इतरत्र दाखवून झालेली रिळे दोन-तीन वर्षांनी येथे पोहोचत आणि परतीच्या वाहतुकीचा खर्च वितरकांस नको असे. त्यामुळे ती कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्सच्या ताब्यात राहून ग्रंथालयाच्या तळघरात साठत गेली. नायट्रेटची फीत अतिज्वालाग्राही. साठा वाढला तेव्हा काही रिळे जाळण्यात आली, काही यूकॉन नदीत टाकण्यात आली. १९२९ मध्ये उरलेल्यांचा वेगळाच उपयोग झाला. क्रीडागृहातील पोहण्याच्या तलावावर हिवाळ्यात बर्फाचे क्रीडांगण करीत. तलावामुळे बर्फ सपाट राहत नसे. म्हणून तलाव बुजविताना भरावात ही रिळे टाकण्यात आली. १९५१ साली क्रीडागृह जळाले. गोठलेल्या भूमीतील फिती वाचल्या. थंडीत नायट्रेटचे विघटन मंदावते, हे त्याचे कारण.

१९७८ मध्ये नव्या बांधकामासाठी खोदकाम करताना ५३३ रिळे बाहेर आली. प्रवासी व मालवाहू कंपन्या ती नेण्यास धजेनात. अखेर लष्करी विमानाने ती ओटावा येथे नेण्यात आली. त्यांत अन्यत्र नष्ट झालेली नाट्ये होती, तसेच १९१९ च्या बेसबॉल स्पर्धेची वृत्तदृश्येही होती. याच स्पर्धेतील लाचखोरीचे प्रकरण पुढे गाजले. अनेक फितींच्या कडांवर पाण्याने पांढरे डाग पडले आहेत. प्रतिमेची हानी आणि तिचे जतन एकाच भूमीत झाले.

यावरून एक पथ्य पाळणे अवश्य आहे. डॉसनच्या संग्रहाची निवड कोणा रसिकाने केलेली नाही. ती वाहतूकखर्च, अग्निभय आणि भराव यांनी केली. तेव्हा त्यातून कोणते मूकपट श्रेष्ठ होते हे ठरत नाही. एक दूरस्थ खाणनगर काय पाहत होते, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे.

आपल्याकडे, मूकपटांचा काळ संपून सुमारे तीस वर्षे लोटल्यावर, १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. दरम्यान भारतातील तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले होते. उरलेल्या थोड्या कृतींवरून त्या युगाची अभिरुची ठरविताना डॉसनचा धडा ध्यानात ठेवला पाहिजे: अवशिष्ट म्हणजे प्रातिनिधिक नव्हे.