आवाजाचं घर : ध्वनिमुद्रण कंपनीकडून घराकडे कसं आलं

गाणारी-वाजवणारी तरुण मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. घरातल्या एखाद्या खोलीत रेकॉर्डिंगची सोय करायची आहे, तर काय काय घ्यावं? माइक कोणता, खर्च किती? प्रश्न व्यवहाराचा दिसतो; पण त्याच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की दुसरा, मोठा प्रश्न समोर येतो. कोणाचा आवाज जपायचा, हे ठरवणार कोण?

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून थोडं तिकडून सांगतो. न्याय-वैशेषिकांनी शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण मानला. तो उत्पन्न होतो आणि नाहीसा होतो. एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ केला आणि नाहीसा झालेला आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. माणसाच्या स्मरणाबाहेर आवाज राहू शकतो, ही गोष्टच नवी होती.

आपल्याकडे हे यंत्र व्यापाराच्या वाटेनं आलं. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. कुठे? हॉटेलच्या खोलीत! तेव्हा भारतात स्टुडिओ नव्हताच. विजेचा माइकही नव्हता. गायिकेनं मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं आणि तीनेक मिनिटांत राग संपवायचा. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. म्हणजे बघा, जागा साधी खोलीच होती. पण कोणाला बोलवायचं आणि काय विकायचं, हा निर्णय कंपनीचा होता.

यातून काय सुटलं? भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांची तबकडी नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, त्यांचंही गाणं तबकडीवर नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. शिष्येचा आवाज आंतरतारकीय अवकाशात पोचला आणि गुरूचा आवाज पृथ्वीवरही उरला नाही. आवाज टिकणं हे गुणवत्तेवर ठरत नाही. त्या क्षणी यंत्र जवळ होतं का, आणि गाणाऱ्याची तयारी होती का, यावर ते ठरतं.

मग टेप आली. फिलिप्सनं १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि पुढच्या वीस वर्षांत आपल्याकडे मोठा बदल झाला. कॅसेट करायला मोठा कारखाना लागत नव्हता. ज्या गाण्यांना मोठ्या कंपन्या फारसं विचारत नव्हत्या, ती भीमगीतं, लोकगीतं, भारुडं बाजारात आली आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत वाजू लागली. १९७९ मध्ये टास्कॅम कंपनीनं चार पट्ट्यांवर वेगवेगळं मुद्रण करणारं लहान कॅसेट-यंत्र काढलं. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकानं १९८२ च्या जानेवारीत तसल्याच यंत्रावर राहत्या घरात गाणी नमुना म्हणून मुद्रित केली. त्यांचाच पुढे 'नेब्रास्का' हा अल्बम झाला. आज ते काम खिशातला मोबाईल करतो.

पण घरातलं सर्वांत मोठं गाणं कोणतं? जात्यावरची ओवी. गाणारी बाई, ऐकणारी बाई आणि जात्याची घरघर, तिघी एका घरात. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं आणि ओवी थांबू लागली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ मध्ये आपल्या मराठवाड्यात परभणीच्या ताडकळसला आणि बीडच्या माजलगावला असं मुद्रण झालं. माजलगावच्या ओव्यांत बाबासाहेब आहेत. कोणत्याही कंपनीनं या बायांना बोलावलं नसतं. इथे यंत्रच त्यांच्या गावी गेलं.

आता खोलीकडे येऊ. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांच्यापुढे १८९५ मध्ये एक सभागृह आलं, जिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि घुमारा किती कमी होतो ते मोजलं. शोषणाचं त्यांचं माप काय होतं? उघडी खिडकी. आत गेलेला आवाज परत येत नाही तो तिथूनच.

त्यांचं सूत्र आपल्या स्लॅबच्या घराला लावू. तीन बाय चार मीटरची, तीन मीटर उंच, गिलावा आणि फरशीची मोकळी खोली घेतली, तर घुमारा जवळजवळ तीन सेकंद निघतो. दहा चौरस मीटर जाड गोधड्या आणि गाद्या भिंतींपासून थोड्या दूर टांगल्या, की तो सेकंदाच्या आत येतो. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि वर लाकूड-माती असल्यामुळे आवाज असा खणखणत नाही.

एक गल्लत मात्र टाळा. गोधडी आतला घुमारा शोषते, बाहेरचा आवाज अडवत नाही. त्याला वजनदार भिंत, घट्ट दार आणि बंद फटी लागतात. रस्त्यावरच्या ट्रकचा घरघराट गादीनं थांबणार नाही. म्हणून रस्त्यापासून लांबची, आतली खोली निवडा. पंखा बंद करा. आणि पहाटेची वेळ धरा. ओवीचीही वेळ तीच होती. गाव निजलेलं असतं तेव्हाच आवाज सुटा ऐकू येतो. माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवा, थोडा तिरपा. एवढ्या तयारीनंतर साधा माइकसुद्धा चांगलं काम करतो.

मंडळी, १९०२ मध्ये जो निर्णय परक्या कंपनीच्या हाती होता, तो आज तुमच्या हाती आहे. त्याबरोबर जबाबदारीही आली. कंपनीनं अमक्याला विचारलं नाही, असं यापुढे म्हणता येणार नाही. खोली तयार झाली की स्वतःचं गाणं जरूर मुद्रित करा. पण त्याआधी घरातल्या किंवा गल्लीतल्या सत्तरी-ऐंशीच्या आजीला त्या खोलीत बसवा. तिला येत असतील तेवढ्या ओव्या म्हणू द्या, अडखळली तरी थांबवू नका. शेवटी तिचं नाव, गाव आणि तारीख बोलून ठेवा. गौहरजान तबकडीच्या शेवटी आपलं नाव सांगत असत. ती पद्धत चांगली होती.