वाई-मेणवली-धोम : कृष्णाकाठचा सायकलचा रस्ता

वाईहून पाचगणीला जायचं तर पसरणी घाट चढावा लागतो. धोमच्या वाटेवर घाट नाही. रस्ता कृष्णेच्या खोऱ्यातूनच जातो, त्यामुळं बिनगिअरची साधी सायकलही चालते.

सुमारे ३ किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, नदीवरचा दगडी घाट आणि घाटावर टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा इथं आहे. 'स्वदेस' चित्रपटाचं चित्रीकरणही इथंच झालं. पुढं धोम गावात नरसिंहाचं मंदिर, आणि तिथला कासवावर बसलेला नंदी. तो बघितल्याशिवाय फिरू नका. गावाच्या वर धरण.

पहाटे रस्ता मोकळा असतो. पण ऊसतोडीच्या हंगामात जपून. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. पहिली गेली म्हणून लगेच रस्त्यावर येऊ नका, वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते. बाहेर आलेला ऊस हँडलला अडकला तर सायकलस्वार थेट चाकाखाली. अशा वेळी सरळ खाली उतरून साइडपट्टीवर थांबावं. अंधारात बिनरिफ्लेक्टरची उभी ट्रॉली दिसत नाही, म्हणून पुढं बॅटरी हवीच, मागं लाल दिवा हवा. ट्रॉलीवाल्यांनीही मागं लाल रिफ्लेक्टर लावावेत, खर्च फार नाही.

पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदीवरचे ठेंगणे पूल बुडतात. पाणी पुलावरून वाहत असेल तर सायकल हातात धरूनही पलीकडं जाऊ नये. विसर्गाची सूचना गावच्या ग्रुपवर येते, ती बघूनच निघा.