जगबुडीचा खाडा

इतिहास म्हणजे घडलेल्या गोष्टींची हकीकत, असे आपण धरून चालतो. परंतु न घडलेल्या गोष्टींनाही इतिहासात जागा असते. आणि त्यांतली एक गोष्ट तर तारीख-वार ठरवून, देशभर दवंडी पिटून न घडलेली आहे. ती म्हणजे १९६२ सालच्या फेब्रुवारीतली जगबुडी. त्या साली ३ फेब्रुवारीला शनिवार होता, ४ तारखेला रविवार आणि ५ तारखेला सोमवार. या तीन दिवसांत मकर राशीला आठ ग्रह एकत्र येणार आणि पृथ्वीचा निकाल लागणार, अशी आवई सबंध हिंदुस्थानात उठली होती. लोक तिला 'अष्टग्रही' म्हणत. सोमवारची बातमी थोडक्यात सांगायची तर एवढीच होती, की जगबुडीने खाडा केला.

आता हे आठ जण कोण, ते पाहू. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे सात आणि आठवा केतू. पहिले सात खरोखरच हजर होते. आकाशाच्या सुमारे सोळा-सतरा अंशांच्या पट्ट्यात ते त्या वेळी आले होते. परंतु केतू हा काही गोल नव्हे. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जेथे छेदतो, तो गणिताने काढलेला एक बिंदू, एवढेच त्याचे अस्तित्व. हजेरीपटावर नाव आहे, नावावर पगार निघतो आहे, आणि प्रत्यक्ष माणूस मात्र कोणी पाहिलेला नाही, हा प्रकार कामगार चळवळीत वावरलेल्याला नवा नाही. तेव्हा अष्टग्रहीत सात हजर आणि एक खोटी हजेरी, असा हिशेब होतो.

बरे, हे सात तरी 'एकत्र' आले म्हणजे काय झाले? घराच्या ओसरीवरून पाहिले तर दारातला विजेचा खांब आणि लांबचा सिंहगड एका रेषेत येतात. म्हणून सिंहगड खांबाला टेकला असे आपण म्हणत नाही. चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरांच्या आसपास, तर शनी त्या दिवशी दीडशे कोटी किलोमीटरांहूनही पलीकडे होता. आणखी गंमत अशी, की ही सारी मंडळी सूर्याच्या इतकी जवळ दिसत होती की त्याच्या उजेडात ती कोणाच्या दृष्टीसच पडणे कठीण. ज्या देखाव्याला देश घाबरला, तो देखावा कोणाला दिसलाच नाही! ५ तारखेला खग्रास सूर्यग्रहण मात्र खरेच होते. पण ते न्यू गिनी आणि पॅसिफिक महासागराच्या बाजूला.

तरीही लोक घाबरले. ठिकठिकाणी यज्ञ झाले, होम पेटले, अखंड पाठ बसले, आणि गरिबाच्या ताटात कधी न पडणारे तूप अग्नीच्या मुखी पडले. कित्येकांनी प्रवास रद्द केले, उत्तरेकडे लग्ने पुढे ढकलली गेली. आपल्याकडे तो पौष महिना होता, आणि पौषात लग्न करण्याची आपली रीत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात ग्रहांना तेवढे काम कमी पडले. पंतप्रधान नेहरूंनी सारा प्रकार हसण्यावारी नेला. शेजारच्या ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी मात्र तो गंभीरपणे घेतला. अरिष्ट टळावे म्हणून तेथे बैल, डुकरे, शेळ्या, कोंबड्या, बदके, मासे आणि खेकडेसुद्धा बंधमुक्त करण्यात आले. पुढे महिना उलटण्यापूर्वीच, २ मार्च १९६२ रोजी, जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि ऊ नू स्वतः कैदेत पडले. खेकडे सुटले आणि पंतप्रधान अडकले. ज्यांच्याकडून धोका होता ते मकर राशीला नव्हते, रंगूनच्या छावणीत होते.

त्याच महिन्यात लोकसभेची तिसरी सार्वत्रिक निवडणूक होती. मतदान १९ फेब्रुवारीपासून. त्यामुळे ५ तारखेला जग बुडणार असे सांगणारे आणि १९ तारखेला मत द्या असे सांगणारे, दोघेही एकाच रस्त्याने हिंडत होते. युरी गागारिन तर अंतराळात पृथ्वीला प्रदक्षिणा घालून १९६१ च्या अखेरीस हिंदुस्थानात येऊन गेला होता. त्याला पाहायला माणसांचा पूर लोटला होता. आणि २० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकेच्या जॉन ग्लेनने त्याच बदनाम आकाशातून पृथ्वीला तीन फेऱ्या मारल्या.

पण आम्हां कामगारांच्या बाजूनेही या तारखेकडे पाहिले पाहिजे. त्या वेळच्या १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे मागील महिन्याचा पगार हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्यात ७ तारखेच्या आत आणि मोठ्या कारखान्यात १० तारखेच्या आत द्यावा लागे. जगबुडी ठरली ५ तारखेच्या आत! म्हणजे जानेवारीचा घाम आमचा, आणि पगार वाचला मालकाचा. आठ ग्रहांपैकी एकही कामगारांच्या बाजूचा नसावा, हे काही बरे नाही. आणि ज्याचे हातावर पोट, त्याला प्रलयासाठी रजा कोण देणार? त्या पिढीतले जुने गिरणी कामगार मला सांगत, की मनात धाकधूक होती, बायकोने देवापुढे दिवा लावला होता, पण सोमवारी पहाटे भोंगा झाला आणि माणसे डबा घेऊन निघाली. बुडायचेच तर हजेरी लागल्यावर बुडू, असा त्यांचा व्यवहार.

येथवर आपण हसलो. परंतु भ्यालेल्या माणसांची टवाळी करण्यासाठी मी ही हकीकत काढलेली नाही. निदान पुण्याच्या माणसाला तरी त्या वेळी भिण्याचा पुरेपूर अधिकार होता. जगबुडी त्याने सातच महिन्यांपूर्वी डोळ्यांनी पाहिली होती. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले. ते पाणी खाली आले आणि खडकवासलाही फुटले. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतून घरेच्या घरे बसली, आणि अनेकांना संकट कळले ते पाणी उंबऱ्याशी आल्यावर. त्या दिवसासाठी कोणी तारीख जाहीर केली नव्हती, कोणी यज्ञ मांडला नव्हता. पण खुणा मात्र होत्या. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते. तरी त्याच पावसाळ्यात त्यात पाणी अडले. मातीचा बांध खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो जितका वेळ धरता आला तितका धरला. त्या रात्रीच्या कष्टांनी किती जीव वाचले असतील, त्याचा हिशेब कोणत्याही पंचांगात नाही.

हे दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ५ फेब्रुवारीला लाखो माणसे आकाशाकडे पाहत होती आणि काही झाले नाही. १२ जुलैपूर्वी पाहायचे होते ते बांधाकडे आणि दरवाजांकडे. तेथे पुरेसे पाहिले गेले नाही, आणि शहर बुडाले. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा 'पाहा, अष्टग्रहीचे फळ!' असे म्हणणारे निघालेच. जणू ग्रहांनी आठ महिन्यांची थकबाकी चुकती केली! पण बर्फात लढणाऱ्या जवानांपाशी पुरेसे गरम कपडे नव्हते, याचा जाब शनीला विचारून काय उपयोग? तो विचारायचा तर ज्यांच्या सहीने कपडे निघायचे त्यांनाच.

कारखान्यातला अपघात झाला की पहिले वाक्य ऐकू येते ते हे: 'त्याची वेळ भरली होती.' हे वाक्य बायको रडताना बोलते तेव्हा मी मान खाली घालतो. दुःखाला काही तरी आधार लागतो. तेच वाक्य साहेबाच्या तोंडून निघाले, की मी आधी यंत्राकडे जातो आणि फिरत्या पट्ट्यावर जाळी होती का ते पाहतो. ती असलीच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने सांगून ठेवले होते. बहुतेक वेळा जाळी काढून कोपऱ्यात ठेवलेली असते, कारण तिच्यामुळे काम सावकाश होते. ग्रहांचा फायदा असा, की ते चौकशीला हजर राहत नाहीत, उलटतपासणी देत नाहीत आणि नुकसानभरपाईही देत नाहीत. म्हणूनच ज्यांना जबाबदारी नको असते, त्यांना ते फार आवडतात.

पुढे ५ मे २००० च्या सुमारासही ग्रह असेच गोळा झाले, तेव्हाही थोडी आवई उठली, आणि तेव्हाही जगबुडीने खाडाच केला. तिचा हा खाडा पुढेही चालू राहो. तिचा पगार कापावा अशी मागणी आमची युनियन करणार नाही. धरणावरच्या, यंत्रावरच्या आणि पुलावरच्या तपासनिसाने मात्र एक दिवसही खाडा करू नये, आणि केला तर त्याचे नाव आपल्याला ठाऊक असावे, एवढी मागणी श्रोत्यांनी आमच्या बरोबरीने करावी.