डिजिटल वारसा, मरणोत्तर (आटपाडी तालुका)

डिजिटल वारसा, मरणोत्तर : माणूस गेल्यावर मागे उरणारी त्याची ऑनलाइन खाती, ईमेल, फोटो, संदेश आणि हिशेब. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात हा प्रश्न विशेष टोकदार आहे. इथल्या अनेक कुटुंबांचा गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा, धंदा देशभरच्या शहरांत पसरलेला आहे. घर गावी, दुकान परराज्यात आणि येणे-देणे कर्त्या माणसाच्या फोनमध्ये. तो गेला तर जमिनीची वाट ठरलेली आहे : जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची, गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नावे लागतात, फेरफार मंजूर होऊन सातबारा बदलतो. फोनमधल्या ऐवजाला असा फेरफार नाही. सिम बंद पडले की ओटीपी येत नाही. व्हॉट्सॲप 120 दिवस न वापरलेले खाते सहसा काढून टाकते, गूगल दोन वर्षे निष्क्रिय राहिलेले वैयक्तिक खाते मिटवू शकते.

अडचण मालकीची नाही, प्रवेशाची आहे. याच तालुक्यातल्या शेटफळे गावी जन्मलेले कवी ग. दि. माडगूळकर 14 डिसेंबर 1977 रोजी वारले. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार त्यांच्या लेखनाचे हक्क 2037 अखेरपर्यंत टिकतात. आज एखाद्या कवीची वही ईमेलमध्येच असेल, तर तेवढाच हक्क त्याच्या वारसांना मिळेल, पण खाते उघडणे कंपनीच्या अटींवर राहील. म्हणून हयातीतच खात्यासाठी व्यक्ती नेमणे हा खरा उपाय ठरतो. गूगलने तशी सोय 2013 मध्ये, फेसबुकने 2015 मध्ये, ॲपलने 2021 मध्ये दिली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 च्या कलम 14 नेही नामनिर्देशनाचा हक्क मान्य केला आहे.

यावर आक्षेप असा, की वारसांना खाते दिले तर मृताशी बोललेल्या जिवंत माणसांची गुपितेही उघडी पडतात. आक्षेप वजनदार आहे. तरी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 12 जुलै 2018 रोजी मृत मुलीचे फेसबुक खाते आईवडिलांना खुले केले, कारण कागदी पत्रे आणि रोजनिशीही वारसांकडेच जातात. गुपिते जपायची असतील तर काय द्यावे आणि काय मिटवावे हे मृतानेच ठरवलेले असावे. कंपनीच्या अटी हा निवाडा करू शकत नाहीत. घरच्यांना पासवर्ड सांगून ठेवला की काम भागते, असेही म्हटले जाते. पण त्यात सगळेच उघडे होते, निवड उरत नाही. काय द्यावे, काय मिटवावे याची सूचना इच्छापत्रात लिहायची तर ती कागदावरच हवी, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने इच्छापत्राला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांच्या मान्यतेतून वगळले आहे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पासवर्ड मात्र त्यात लिहू नयेत : इच्छापत्र पुढे न्यायालयात दाखल झाले, तर ते अनेकांच्या नजरेखालून जाते.