खोलीचे भाडे आणि गावची वाट

पोटासाठी माणूस शहरात जातो हे खरे. पण तेथे तो किती टिकेल आणि बायकामुलांना नेऊ शकेल की नाही, हे खोलीचे भाडे ठरविते. शहरांचा इतिहास लिहिणारे गिरण्या मोजतात. आम्ही चळवळीतली माणसे भाड्याची पावती पाहतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि सरकारला कामकऱ्यांच्या घरांची आठवण झाली. १८९८ साली सुधार ट्रस्ट निघाला. पण गरिबांची जितकी घरे त्याने पाडली, तितकी बांधली नाहीत. पुढे १९२० साली सरकारी डेव्हलपमेंट खाते निघाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तरी भाडे मजुरीला पेलेना, आणि कित्येक खोल्या ओस राहिल्या! १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा सरकारने तुरुंग केला. ज्या खोल्या कामगाराला परवडत नव्हत्या, त्यांत सत्याग्रही बिनभाड्याने कोंडले गेले. त्याच वर्षी, १२ डिसेंबरला, आपल्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू मुंबईच्या रस्त्यावर हुतात्मा झाला.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळची माणसे गिरणीत, गोदीत, डबेवाल्यांत शिरली ती बहुधा एकटीच. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीप्रमाणे झोप, जेवण खानावळीत. १९२१ च्या मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया सुमारे सव्वापाचशे होत्या. मुले वाढविणे, आजाऱ्याची शुश्रूषा, म्हातारपण, हा सारा खर्च गावाने सोसला. मालकाला मजूर स्वस्त पडला, कारण उरलेली मजुरी अवसरीसारखी गावे भरीत होती.

१९४७ च्या कायद्याने भाडे गोठले. ज्याच्या हाती खोली होती, त्याला कुटुंब आणण्याचे बळ आले. परंतु मालकांनी डागडुजी सोडली, आणि नव्याने येणाऱ्यास पागडी आडवी आली. तो झोपडीत गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या व त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरली. ठाणे जिल्ह्याची मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. माणसे कामाला मुंबईतच जात राहिली. बिऱ्हाड तेवढे दूर गेले.

आता चाकण आपल्या उंबऱ्याशी आहे. मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरे तेथे एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. काल आपण भाडेकरू होतो. आज आपल्यापैकी कित्येक जण घरमालक आहेत. म्हणून आमचे म्हणणे एवढेच: कारखान्याला जागा देताना कामगाराच्या बिऱ्हाडाची जागाही त्याच नकाशावर आखा, आणि पगार ठरविताना खोलीचे भाडे त्यात मोजा. नाहीतर त्याचा उरलेला हिशेब कुठल्यातरी दूरच्या खेड्यातली एखादी म्हातारी चुकवीत राहील.