आकाशाचा चित्रकार आणि एक शिष्यवृत्ती

आपल्या मंडळाने दिलेल्या शिष्यवृत्त्यांची यादी या स्मरणिकेत दरवर्षी प्रसिद्ध होते. ती वाचताना आम्हांस फ्रान्समधील एका खलाशाच्या मुलाचे स्मरण होते. त्याचे चरित्र ज्ञातिबांधवांस बोधप्रद वाटेल, म्हणून ते येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

यूजीन बूदां याचा जन्म १२ जुलै १८२४ रोजी नॉर्मंडी प्रांतातील ऑंफ्लर या बंदरात झाला. लहानपणी तो पित्याबरोबर बोटीवर राबत असे. पुढे ल हाव्र नगरात त्याने लेखनसाहित्याचे व तसबिरींच्या चौकटींचे दुकान थाटले. मिलेसारख्या चित्रकारांची चित्रे त्या दुकानात लागत. ती पाहून त्यास चित्रकलेचा ध्यास जडला व त्याने व्यापार सोडला. १८५१ मध्ये ल हाव्रच्या नगरपालिकेने त्यास पॅरिस येथील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली.

निसर्गचित्र चित्रशाळेच्या चार भिंतींत पूर्ण करावे, असा त्या काळी प्रघात होता. बूदां मात्र रंग घेऊन समुद्रकिनारी जाई. ढग किंचित सरकला तरी पाण्याचा रंग पालटतो; प्रकाश कोणासाठी थांबत नाही. म्हणून तो त्वरेने चित्र रेखाटी आणि कडेला तारीख, वेळ व वारा टिपून ठेवी. ती टिपणे हाताने झाकली तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येतील, असे १८५९ मध्ये कवी बोदलेर याने लिहिले. थोर चित्रकार कोरो याने तर त्यास ‘आकाशांचा राजा’ म्हटले.

परंतु बूदांचे सर्वांत मोठे कार्य निराळेच. ल हाव्रमध्ये क्लोद मोने नावाचा एक उनाड मुलगा लोकांची व्यंगचित्रे काढून विकत असे. त्यास बूदांची चित्रे मुळीच आवडत नसत. तरीही १८५८ च्या सुमारास बूदांने त्यास आग्रहाने शिवारात नेले आणि उघड्या आभाळाखाली चित्र काढावयास बसविले. त्या दिवसापासून मोनेची दृष्टी बदलली. १८७२ मध्ये त्याने रंगविलेल्या ल हाव्र बंदराच्या सूर्योदयाच्या चित्रावरून एका नव्या चित्रपंथास नाव मिळाले. १८७४ च्या ज्या प्रदर्शनात ते चित्र लागले, त्यात वृद्धत्वाकडे झुकलेल्या गुरूचीही चित्रे होती. आपण चित्रकार झालो ते बूदांमुळेच, हे मोनेने अखेरपर्यंत मान्य केले.

१८९८ मध्ये बूदां निवर्तला. त्यानंतर त्याच्या बंधूने त्याची दोनशेहून अधिक अभ्यासचित्रे ल हाव्रच्या संग्रहालयास अर्पण केली. नगराने दिलेल्या तीन वर्षांच्या साहाय्याची ही परतफेडच नव्हे काय?

आता एक कबुली. गणिताच्या वहीत ढग रेखाटणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही आमच्या शिक्षकी आयुष्यात बाकावर उभे केले होते. तो पुन्हा चित्र काढताना दिसला नाही. ती वही आजही डोळ्यांपुढे येते.

आपल्या निधीतून भावी डॉक्टर व इंजिनियर यांस साहाय्य मिळते, हे योग्यच आहे. त्या यादीत एखाद्या ढग रेखाटणाऱ्या मुलासही स्थान असावे, एवढीच कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे.