घोड्यांच्या आहारातील प्रथिनपूरके

वैरण आणि चंदी यांतून घोड्याची प्रथिनांची गरज भागत नसेल, तर जोडीला जी प्रथिनयुक्त खाद्ये दिली जातात, त्यांना प्रथिनपूरके म्हणतात. सोयाबीनची पेंड, लसूणघास, जवसाची पेंड, हरभरा आणि कारखान्यात बनणाऱ्या संतुलक गोळ्या ही त्यांतील प्रमुख होत.

गरज : अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००७ मधील निकषांनुसार ५०० किग्रॅ. वजनाच्या, काम नसलेल्या प्रौढ घोड्याला रोज सु. ६३० ग्रॅ. कच्ची प्रथिने आणि त्यांत सु. २७ ग्रॅ. लायसिन हे अत्यावश्यक ॲमिनो आम्ल लागते. नुकत्याच व्यालेल्या घोडीची गरज याच्या दुपटीहून अधिक असते. ८ टक्के प्रथिने असलेले १० किग्रॅ. वाळलेले गवत ८०० ग्रॅ. प्रथिने पुरवते, म्हणजे चांगली वैरण खाणाऱ्या प्रौढ घोड्याला प्रथिनांचे एकूण प्रमाण वाढवण्याची गरज सहसा नसते. केवळ कडब्यावर किंवा निकस गवतावर असलेले जनावर, वाढते शिंगरू, गाभण व दूध देणारी घोडी आणि म्हातारा घोडा यांना मात्र पूरक उपयोगी पडते.

प्रत : घोडा रवंथ करीत नाही. त्याच्या प्रथिनांचे पचन व ॲमिनो आम्लांचे शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते. पुढे मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव प्रथिने बनवतात, पण ती घोड्याच्या फारशी कामी येत नाहीत. म्हणून खाद्यात किती प्रथिने आहेत याइतकेच त्यांत लायसिन किती आहे, हे महत्त्वाचे. सोयाबीनच्या पेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिने व सु. ३ टक्के लायसिन असते. जवसाच्या पेंडीत प्रथिने भरपूर, पण लायसिन कमी असते. महाराष्ट्रात चंदीत भिजवलेला हरभरा देतात, त्यात सु. २० टक्के प्रथिने असून लायसिनही चांगले असते. कच्चे सोयाबीन प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते. ते भाजून किंवा उष्णता देऊनच वापरावे.

मिनिएचर घोडे : अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमानुसार आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजलेली यांची उंची ३४ इंचांपेक्षा जास्त नसते. १०० किग्रॅ. वजनाच्या मिनिएचर घोड्याला रोज सु. १२६ ग्रॅ. प्रथिने लागतात. लठ्ठपणा टाळण्यासाठी त्याची वैरण दीड किग्रॅ.वर आणली, तर ८ टक्के प्रथिनांच्या गवतातून १२० ग्रॅ.च मिळतात आणि लायसिनही कमी पडू शकते. ५० ग्रॅ. सोयाबीनच्या पेंडीने ही तूट भरून निघते. मोठ्या घोड्याचे माप येथे कधीही वापरू नये. वजन उतरवण्यासाठी उपासही घडवू नये. त्याने रक्तातील मेद वाढून जनावर दगावू शकते.

लक्षणे व धोके : पाठीचे स्नायू झडणे, निस्तेज केस, खुरांची मंद वाढ आणि शिंगरांची खुंटलेली वाढ ही कमतरतेची लक्षणे होत. प्रथिने जास्त झाल्यास त्यांतील नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो. तहान व लघवी वाढते आणि तबेल्यातील अमोनियामुळे श्वासमार्गाला त्रास होतो. गुराकोंबड्यांचे खाद्य घोड्याला देऊ नये; त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असल्यास ते घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंवर आघात करून प्राण घेते.

पूरक सुरू करण्यापूर्वी घोड्याचे व वैरणीचे वजन करावे, शक्य असल्यास वैरण तपासून घ्यावी आणि नवे खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. मूत्रपिंड वा यकृताचा विकार असलेल्या घोड्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय प्रथिनपूरक देऊ नये.